१५ नंबरचा द्रोग्बा: निकोलस जॅक्सनला आपण कुठल्या मापाने मोजलं त्याचं प्रकरण

२० एप्रिल २०२४, वेम्बली, एफए कपची सेमीफायनल, समोर मँचेस्टर सिटी. चेल्सीचा स्ट्रायकर निकोलस जॅक्सन एकटा सुटला, समोर फक्त सिटीचा गोलकीपर ऑर्तेगा, आणि शॉट मारायचा सोडून त्याला वळसा घालायला गेला आणि चान्स गेला. सेकंड हाफमध्ये पुन्हा मोकळा शॉट, तो ऑर्तेगाने अडवला, लगेच पुढच्या काही सेकंदात हेडर, तो सरळ ऑर्तेगाच्या हातात. मग ८४व्या मिनिटाला बर्नार्डो सिल्वाने गोल केला, चेल्सी १-० ने हरली, आणि त्या रात्री जगभरातल्या चेल्सीवाल्यांच्या तोंडी आपल्या जुन्या लाडक्या स्ट्रायकरचं, दिदिए द्रोग्बाचं नाव घेऊन एकच वाक्य होतं, "द्रोग्बा असता तर..."

मीही तेच म्हणत होतो, अगदी मनापासून. आमच्यातला एक दादा आहे, २००४ पासूनची एकही मॅच न सोडलेला, तो म्हणाला, "द्रोग्बाने हे तिन्ही आत घातले असते, डोळे मिटून." आणि एक धाकटा भाऊ, ज्याने द्रोग्बाला फक्त क्लिप्समध्ये पाहिलंय, त्याने शांतपणे विचारलं, "दादा, कुठला द्रोग्बा?" तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. हे सगळं प्रकरण लिहायला घेतलं ते त्या एका प्रश्नामुळे.

तर आधी ज्या पोराबद्दल बोलतोय तो कुठून आला ते सांगतो. जॅक्सनचा जन्म गांबियातल्या बांजुलचा, वाढला सेनेगलच्या कासामान्स भागात, तिथल्या कासा स्पोर्ट्सकडून खेळला आणि मग स्पेनमध्ये विल्लारेआलला. २०२२-२३ च्या सीझनमध्ये ला लिगात १२ गोल, त्यातले बरेचसे सीझनच्या शेवटी शेवटी. जानेवारी २०२३ मध्ये तो बोर्नमथला जवळजवळ गेलाच होता पण मेडिकलमध्ये हॅमस्ट्रिंगमुळे (मांडीमागच्या स्नायूमुळे) ते फिसकटलं. नंतर त्याच उन्हाळ्यात चेल्सीने साधारण ३.२ कोटी पाऊंडांत घेतला. वय २२. म्हणजे मोठ्या लीगमध्ये धड एक सीझन खेळलेला पोरगा, आणि आल्या आल्या चेल्सीचा पहिला स्ट्रायकर, कारण दुसरा धड कोणी नव्हताच.

आणि जागा कुठली, तर द्रोग्बाची. या जागेचं भूत चेल्सीच्या मानगुटीवर किती वर्षं बसलंय ते फॅन्सना सांगायला नको. टोरेस ५ कोटी पाऊंडांत आला आणि ११० लीग (म्हणजे प्रीमियर लीग) मॅचमध्ये २० गोल करून गेला. मोराता आला, फाल्काओ आला, हिग्वाईन आला, लुकाकूवर साडेनऊ कोटींच्या वर घातले आणि एका सीझनमध्ये लीगचे ८ गोल मिळाले, ओबामेयांग आला कधी गेला कधी कळलंच नाही. स्ट्रायकरची ९ नंबरची जर्सी शापित आहे असं लोक मला सांगतात असं टुखेलसारखा कोच पत्रकारांसमोर बोलून गेला होता. गंमत नाही ही, लोक खरंच तसं मानायचे. जॅक्सनने ती जर्सी घेतलीच नाही, त्याने घेतली १५ नंबरची.

आता इथे थांबा. १५ नंबर. द्रोग्बा २००४ मध्ये मार्सेयहून २.४ कोटी पाऊंडांत आला, तेव्हाचा चेल्सीचा सगळ्यात महागडा खेळाडू, तेव्हा त्याच्या पाठीवर कुठला नंबर होता? ११ नव्हता, १५ होता. पहिली दोन वर्षं तो १५ नंबर घालून खेळला. ११ नंबर २००६ नंतर आला. आपल्या डोक्यात जो द्रोग्बा आहे, कॉर्नर फ्लॅगकडे गुडघ्यांवर घसरत जाणारा, तो सगळा ११ नंबरचा. १५ नंबरचा द्रोग्बा आपल्याला आठवतच नाही.

म्हणून मी तोच बाहेर काढला. २००४-०५ मध्ये २६ लीग मॅच, १० गोल. २००५-०६ मध्ये २९ मॅच, १२ गोल. दोन्ही मिळून ५५ मॅच आणि २२ गोल. जॅक्सनचं बघा, २०२३-२४ मध्ये ३५ मॅच, १४ गोल, २०२४-२५ मध्ये ३० मॅच, १० गोल. मिळून ६५ मॅच आणि २४ गोल. म्हणजे द्रोग्बाचे मॅचमागे ०.४० आणि जॅक्सनचे ०.३७. मी हे दोनदा तपासलं, कारण विश्वास बसेना. ज्या पोराला आपण रोज शिव्या घालत होतो आणि ज्याच्या नावाने घालत होतो, त्या दोघांच्या पहिल्या दोन वर्षांत अंतर एवढंच.

दादाला दाखवलं तर तो लगेच म्हणाला, "अरे पण द्रोग्बाला त्या वर्षी दुखापत होती." बरोबर आहे, २००४ च्या शरद ऋतूत ग्रॉइनचं (जांघेचं) ऑपरेशन झालं होतं त्याचं. पण मग जॅक्सनलाही फेब्रुवारी २०२५ मध्ये हॅमस्ट्रिंग झालंच की, तोही दोन महिने बाहेर होता. सवलत द्यायची तर दोघांना द्या.

आणि वयाचा मुद्दा तर कोणी काढतच नाही, तो मला सगळ्यात जास्त खटकतो. द्रोग्बा चेल्सीत आला तेव्हा २६ वर्षांचा होता. २२व्या वर्षी तो कुठे होता, तर फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, ल माँ संघात. पहिला प्रोफेशनल करारच त्याला २१व्या वर्षी मिळाला होता. नंतर गँगाँ, तिथे २००२-०३ मध्ये लीगचे १७ गोल, मग मार्सेयमध्ये एकच वर्ष पण १९, आणि मग चेल्सी. त्याच्या चुका, सोडलेले सिटर, उतावीळपणा हे सगळं छोट्या स्टेडियममध्ये होऊन गेलं, ते बघायला चेल्सीचे फॅन्स नव्हते. जॅक्सनचं शिकणं मात्र कॅमेऱ्यासमोर झालं, दर आठवड्याला, स्लो मोशनमध्ये.

पण हे लिहिताना मला असंही वाटायला लागलं की आपण उलट्या बाजूला जास्तच झुकतोय, म्हणून तेही सांगतो. नुसत्या गोलांवर द्रोग्बाला मोजणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पूर्ण चेल्सी कारकिर्दीत त्याचे लीगमध्ये २५४ मॅचमध्ये १०४ गोल आहेत, म्हणजे मॅचमागे ०.४१. दिएगो कोस्टाचे ८९ मॅचमध्ये ५२, म्हणजे ०.५८. हॅसलबँकचे १३६ मध्ये ६९, म्हणजे ०.५१. आकड्यांवर गेलात तर या दोघांपुढे द्रोग्बा मागे पडतो, आणि कोस्टाने तर तीन वर्षांत दोन लीग जिंकून दिल्या, २०१५ आणि २०१७. तरी "कोस्टा असता तर" असं कोणी म्हणत नाही. आणखी मागे जायचं तर जिमी ग्रीव्हज आहे, चेल्सीसाठी १६९ मॅचमध्ये १३२ गोल, १९६०-६१ च्या एका सीझनमध्ये लीगचेच ४१, आणि २१व्या वर्षी मिलानला निघूनही गेला. आकड्यांचाच हिशोब असता तर चर्चा तिथेच संपली असती. लोक गोल मोजत नाहीयेत, दुसरंच काहीतरी मोजतायत.

ते काय हे शोधायला गेलो तर उत्तर फायनल्समध्ये मिळालं. लीग कपच्या फायनलमध्ये २००५ ला लिव्हरपूलविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये गोल, २००७ ला आर्सेनलविरुद्ध दोन, २००८ ला स्पर्सविरुद्ध एक. एफए कपच्या चार फायनल्समध्ये, २००७, २००९, २०१० आणि २०१२, प्रत्येकीत एक. आणि मग म्युनिक. हे झाले नऊ गोल, सगळे फायनल्समधले. लीगमध्ये महिना महिना गोल नसायचा त्याला, २०११-१२ मध्ये लीगचे फक्त ५ गोल आहेत, पाच! पण कप द्यायच्या दिवशी हा माणूस हजर. म्हणून "द्रोग्बा असता तर" हे वाक्य सेमीफायनलनंतरच निघतं, नोव्हेंबरमधल्या कुठल्यातरी १-१ नंतर निघत नाही. फॅनला माहिती असतं तो कशाबद्दल बोलतोय, फक्त शब्द चुकीचे वापरतो, म्हणतो "गोल करत नाही" आणि म्हणायचं असतं "ज्या दिवशी हवा त्या दिवशी करत नाही".

म्युनिकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं तिथेच गोठलंय. १९ मे २०१२, बायर्नच्याच घरच्या अलियांझ अरेनामध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्नविरुद्धच. बायर्नला २० कॉर्नर, चेल्सीला एक. ८३व्या मिनिटाला म्युलरचा गोल, सगळं संपल्यासारखं. आणि ८८व्या मिनिटाला तो एकुलता एक कॉर्नर, माटाने घेतला, द्रोग्बा पुढच्या पोस्टकडे धावत आला आणि तो हेडर. नंतर शूटआउटची शेवटची पेनल्टीही त्याचीच. आजही तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत.

आता त्याच मॅचमधलं दुसरं काहीतरी आठवा. एक्स्ट्रा टाइम सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता आणि द्रोग्बाने आपल्याच बॉक्समध्ये बायर्नच्या रिबेरीला पाडलं. पेनल्टी. रॉबेनने मारली, आपला गोलकीपर चेकने धरली. ती आत गेली असती तर? आणि हे पहिल्यांदा नव्हतं, आधीच्या महिन्यात बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवरच्या सेमीफायनलमध्ये फाब्रेगासला पाडून पेनल्टी दिली तीही द्रोग्बानेच, मेस्सीची किक क्रॉसबारला लागली म्हणून वाचलो. म्हणजे त्या एका कपच्या वाटेवर द्रोग्बाने दोनदा पेनल्टी दिली आणि दोन्ही वेळा आपण वाचलो. चेकच्या हातांचं आणि त्या बारचं देणं लागतो द्रोग्बा, आणि आपणही. हे मी द्रोग्बाला कमी करायला लिहीत नाही, तो माझ्यासाठी कायम तिथेच राहणार. पण आठवणीने त्या मॅचमधला हेडर ठेवला आणि तो पाय गाळून टाकला. जॅक्सनच्या बाबतीत नेमकं उलटं झालं, पाय राहिला, हेडर गेला.

पेनल्टीचीच आणखी एक गोष्ट. १५ एप्रिल २०२४, एव्हर्टनविरुद्ध ६-०. चेल्सीचा पामर पेनल्टी घ्यायला उभा आणि त्याच्याच संघातले माडुएके आणि जॅक्सन दोघं बॉलसाठी भांडायला लागले, ओढाओढी, कोच पोचेटिनो भडकला, दुसऱ्या दिवशी सगळीकडे "शिस्त नाही, लायकी नाही, द्रोग्बाने असं कधी केलं नसतं". खरंच? ९ मे २०१०, लीगचा शेवटचा दिवस, विगनविरुद्ध ८-०. मॅच चालू असताना पेनल्टी मिळाली, द्रोग्बाला गोल्डन बूटसाठी (सीझनमध्ये लीगचे सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याचा मान) युनायटेडच्या रूनीच्या पुढे जायचं होतं, त्याला ती हवी होती, त्याच्याच संघातल्या लँपार्डने दिली नाही. द्रोग्बा भर मैदानात रुसला, हातवारे केले, सगळ्यांनी पाहिलं. नंतर हॅटट्रिक मारली, त्यात एक पेनल्टी होतीच, २९ गोलांसह गोल्डन बूट घेतला, आणि आज ती गोष्ट आपण किती प्रेमाने सांगतो, "भूक बघ किती होती त्याची!" भांडण तेच, हट्ट तोच. फरक एवढाच की एका संघाने त्या दिवशी लीग जिंकली होती आणि दुसरा टेबलमध्ये अधेमधे लटकलेला होता.

रेड कार्डचंही तसंच. मॉस्को २००८, चॅम्पियन्स लीगची फायनल, युनायटेडच्या विडिचला चापट मारून द्रोग्बा ११६व्या मिनिटाला बाहेर, आणि मग शूटआउट त्याच्याशिवाय, आणि आपण हरलो. जॅक्सनने ११ मे २०२५ ला न्यूकॅसलविरुद्ध बोटमनला कोपर मारलं, व्हीएआरने (व्हिडिओ तपासून) रेड, आपण २-० हरलो. आणि २० जूनला क्लब वर्ल्ड कपमध्ये फ्लामेंगोविरुद्ध तो सब म्हणून आला आणि चार मिनिटांत पुन्हा रेड. त्या दिवशी त्याचा २४वा वाढदिवस होता. त्याने जाहीर माफी मागितली. माझं मत स्पष्ट आहे, ती दोन्ही कार्डं त्याची चूक होती आणि सहा आठवड्यांत दोनदा म्हणजे कुठल्याही कोचचा विश्वास उडणार. पण "द्रोग्बाचं डोकं थंड होतं" असं मात्र कोणी सांगू नका. मॉस्को आपण पाहिलंय.

ज्या संघात खेळायचं त्याबद्दलही बोलायला हवं. कोच मोरिन्योच्या २००४-०५ च्या चेल्सी संघाने ३८ मॅचमध्ये १५ गोल खाल्ले आणि ९५ पॉइंट्स घेतले. अशा संघात स्ट्रायकरने १० गोल केले तरी कोणाला जाणवत नाही, लँपार्ड १३ करतो, गुड्यॉनसन १२ करतो, चेकने लांब मारलेला बॉल द्रोग्बाने छातीवर घ्यायचा, पाठीवर सेंटरबॅक झेलायचा, आणि तेव्हा आपल्याकडेच असलेला रॉबेन, डफ, जो कोल यांना सोडायचा, एवढं केलं तरी काम झालं. २०२३-२४ च्या चेल्सीने ६३ गोल खाल्ले. त्रेसष्ट. तिथे स्ट्रायकरचा प्रत्येक हुकलेला चान्स म्हणजे दोन पॉइंट गेले, म्हणून तो डोळ्यात भरतो. हो, जॅक्सनने एक्सजीपेक्षा (मिळालेल्या चान्सवरून अपेक्षित गोलांपेक्षा) कमी गोल केले हे खरं, पहिल्या वर्षी फिनिशिंग कच्चंच होतं, ऑफसाइड सारखा पकडला जायचा, लीग कपच्या फायनलला स्टर्लिंगचा गोल गेला तोही त्याच्या ऑफसाइडमुळेच. टॉटनहॅमला हॅटट्रिक मारली तर "समोर नऊच जण होते" म्हणून तीही पदरात पडली नाही. पण त्याची धाव, डिफेन्स ताणून पामरला जागा करून देणं, पुढून प्रेसिंग, हे ज्यांनी फक्त हायलाइट्स पाहिले त्यांना दिसणारच नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये एक वेळ अशी आली होती की सगळेच गप्प झाले होते. नवा कोच मारेस्काच्या हाताखाली डिसेंबर २०२४ च्या मध्यापर्यंत त्याचे लीगचे ९ गोल झाले होते. मिकेलने, म्हणजे द्रोग्बाच्याच सोबत खेळलेल्या माणसाने, मोठा स्ट्रायकर आणा असं म्हटलं तर जॅक्सनने सोशल मीडियावर चिडून उत्तर दिलं, आणि तेव्हा बरेच फॅन्स जॅक्सनच्या बाजूने उभे राहिले. आणि मग सगळं आटलं. त्यानंतर पूर्ण सीझनमध्ये लीगचा एकच गोल, २६ एप्रिलला एव्हर्टनविरुद्ध लांबून मारलेला, १-० चा विजय. २८ मेला व्रोत्स्वाफमध्ये कॉन्फरन्स लीगची फायनल, बेटिसविरुद्ध ४-१, त्यात पामरच्या क्रॉसवर जॅक्सनचा गोल. युरोपियन फायनलमध्ये चेल्सीसाठी गोल! मी त्या दिवशी नाचलो. पण तीन आठवड्यांत फ्लामेंगो झालं आणि तो गोल कोणाच्या लक्षातच राहिला नाही.

आता या प्रकरणातला माझ्या मते खरा वळणाचा भाग. २००६ च्या उन्हाळ्यात, द्रोग्बाच्या दोन साध्यासुध्या सीझननंतर, क्लबने काय केलं आठवतंय? शेवचेन्को आणला, ३ कोटी पाऊंडांच्या आसपास, तेव्हाचा विक्रम. सगळ्यांना वाटलं द्रोग्बाचं संपलं. पण क्लबने त्याला विकलं नाही, दोघांना ठेवलं, आणि द्रोग्बाने ११ नंबरची जर्सी घालून त्या सीझनमध्ये सगळ्या स्पर्धा मिळून ३३ गोल केले, लीगचे २०, गोल्डन बूट, आणि वेम्बलीवर युनायटेडविरुद्ध ११६व्या मिनिटाला एफए कपचा विनर. शेवचेन्कोचे लीगचे ४. आपल्याला माहीत असलेला द्रोग्बा जन्मला तो तिसऱ्या सीझनमध्ये, आणि डोक्यावर बसवलेल्या माणसाशी झुंजून.

२०२५ च्या उन्हाळ्यात जॅक्सनचंही नेमकं तेच वय, म्हणजे क्लबमधलं वय, झालं होतं. दोन सीझन पूर्ण. डोक्यावर एक सोडून दोन जण आणले, डेलॅप आणि जोआओ पेद्रो. इथपर्यंत गोष्ट सारखीच. जॅक्सनचा करार २०३३ पर्यंतचा होता, आदल्याच वर्षी वाढवलेला. पण तिसरा सीझन त्याला मिळालाच नाही, सप्टेंबरच्या सुरुवातीला तो लोनवर बायर्न म्युनिकला गेला. मी असं म्हणत नाही की थांबला असता तर ३३ गोल केले असते, मला तसं वाटतही नाही, द्रोग्बा तिशीकडे झुकलेला पूर्ण तयार माणूस होता आणि जॅक्सनच्या पायात अजून तो ठहराव आलेला नाही. मी एवढंच म्हणतोय की तुलना करायला लागणारा तिसरा सीझनच आपल्याकडे नाही. आपण आठ वर्षांच्या माणसाशी दोन वर्षांच्या पोराला तोललं आणि निकाल देऊन मोकळे झालो.

दादाला हे सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आकडे बरोबर असतील रे, पण मला वेम्बलीवर ऑर्तेगासमोर जे वाटलं ते खोटं होतं का?" खोटं नव्हतं. मलाही तेच वाटलं होतं. बॉल बॉक्समध्ये येताना पोटात जो विश्वास वाटायचा तो द्रोग्बाने कमावला होता आणि जॅक्सनबद्दल तो कधीच वाटला नाही, हे मी नाकारणार नाही. धाकटा म्हणाला, "दादा, पण २००५ मध्ये तरी वाटायचा का तुला?" दादाने विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही. तेव्हा मी त्याच्याऐवजी दुसऱ्या स्ट्रायकरला, क्रेस्पोला खेळवा म्हणायचो."

जुलै २०२५ मध्ये जोआओ पेद्रोने क्लब वर्ल्ड कपमध्ये फ्लुमिनेन्सविरुद्ध सेमीफायनलला दोन आणि पीएसजीविरुद्ध फायनलला एक गोल मारला आणि लगेच नवीन द्रोग्बा सुरू झालं. मी यावेळी त्याच्या नावाने एक कोरं पान काढून ठेवलंय. एका रकान्यात त्याच्या लीग मॅच आणि गोल, आणि शेजारच्या रकान्यात फक्त १५ नंबरवाल्या द्रोग्बाच्या, २६ मॅच १० गोल, २९ मॅच १२ गोल. ११ नंबरचा रकाना तिसऱ्या सीझनला उघडणार.